नाकानोशिमा : व्यापाऱ्यांच्या पैशातून उभे राहिलेले संस्कृतीचे बेट

१/ ओसाका शहराच्या मध्यभागी दोन प्रवाहांमध्ये नाकानोशिमा हे चिंचोळे बेट आहे. उत्तरेस दोजिमा नदी, दक्षिणेस तोसाबोरी. संग्रहालये, ग्रंथालय आणि लाल विटांचे सभागृह पाहून पर्यटक पुढे सरकतो. हे वैभव कोणाच्या पैशातून आले, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

२/ हे बेट राजधानीचे नव्हे, व्यापाराचे. एदो काळात सरदार आपल्या मुलखातील कराचा तांदूळ येथील वखारींत आणून विकत. जवळच दोजिमाला तांदळाचा बाजार भरे. १७३० मध्ये शोगुनशाहीने त्याला अधिकृत मान्यता दिली. माल न हलवता केवळ वहीवर सौदे होत. म्हणूनच जगातील आद्य संघटित वायदेबाजारांत त्याची गणना होते.

३/ पुढे याच व्यापारी नगरीचा पैसा सार्वजनिक वास्तूंत उतरला. १९०४ मध्ये सुमितोमो घराण्याच्या देणगीतून ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये इवामोतो एइनोसुके या शेअरदलालाने सभागृहासाठी दहा लाख येन दिले. अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील धनिकांची लोकोपयोगी दाने पाहून तो प्रभावित झाला होता.

४/ पहिल्या महायुद्धाच्या काळात बाजार फिरला आणि इवामोतो बुडाला. दिलेल्या देणगीतील काही भाग परत मागावा, असे आप्तांनी सुचवले, पण त्याने नकार दिला, असे सांगतात. १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. सभागृह पूर्ण झाले १९१८ मध्ये. ते त्याला पाहता आले नाही. १९२२ मध्ये तेथे आइन्स्टाइनचे व्याख्यान झाले.

५/ तरीही ही कथा केवळ दानशूरतेची नाही. १९७० च्या दशकात पुनर्विकासाच्या योजनेमुळे हे सभागृह पाडले जाण्याची वेळ आली, तेव्हा ते वाचवण्यासाठी सामान्य नागरिकच पुढे आले. पुढे त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २००२ मध्ये त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला.

६/ शेजारचे पौर्वात्य मृत्पात्रांचे संग्रहालयही एका दिवाळखोरीतून जन्मले. अताका ही व्यापारी कंपनी कोसळल्यावर तिचा चिनी-कोरियन पात्रांचा अमोल संग्रह विखुरण्याची भीती होती. सुमितोमो समूहाने तो ओसाका शहराला दिला. संग्रहालय १९८२ मध्ये खुले झाले.

७/ म्हणून नाकानोशिमाकडे धनिकांच्या औदार्याचे स्मारक म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या बाजाराने सभागृहाला पैसा पुरवला, त्यानेच दात्याला संपवले; आणि दात्याच्या पश्चात त्याचे दान टिकवले ते शहराने. एखादी वास्तू देणगीने उभी राहते, पण तिला आपली मानणारे लोक नसतील तर ती वारसा होत नाही. त्या लाल विटांपुढे उभे राहणाऱ्याने दात्याइतकेच त्या निनावी नागरिकांचेही स्मरण करावे.