घोडे अडते कोठे?

एखादे काम रखडले की 'घोडे कोठे अडले?' असे आपण विचारतो. हट्टी माणसाला 'अडेल तट्टू' म्हणतो. घोडा हा जात्याच हट्टी प्राणी आहे, तो अडला तर दोष त्याचा आणि उपाय म्हणजे चाबूक, असे या बोलण्यात आपण गृहीत धरलेले असते. माझे मत याच्या उलट आहे. घोडा बहुतेक वेळा अडतो तो आपल्या अज्ञानापायी. त्याचा मेंदू आपल्या मेंदूसारखाच चालतो असे आपण समजतो, आणि तेथेच घोडे अडते! घोडा शिकवायचा असेल, किंवा त्याच्यावर नुसते बसायचे असेल, तरी दोन मेंदूंची ओळख आधी करून घेतली पाहिजे, असे मला वाटते.

रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांना हा विषय दूरचा वाटेल. कोकणातल्या शेतकऱ्याचा सोबती बैल. घोडा हा घाटावरचा, असा आपला समज. पण आपल्याच जिल्ह्यातले दाभोळ हे एके काळी घोड्यांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि पुढे दाभोळहून परत निघाला. अरबस्तान, खुरासान अशा दूरदूरच्या प्रदेशांतून दाभोळला घोडे येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आज घोडा येथे भेटतो तो गणपतिपुळ्याच्या वाळूवर, पर्यटकांना फेरी मारून आणताना. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी अनेक जण आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसतात ते तेथेच, किंवा माथेरान-महाबळेश्वरला. त्या पाच-दहा मिनिटांत दोन निरनिराळे मेंदू एकमेकांशी बोलू पाहत असतात. एकाला दुसऱ्याची भाषा येत नसेल तर मुलाला पडण्याचा धोका असतो आणि घोड्याला मार खाण्याचा.

एकच किनारा, दोन दृश्ये

प्रथम डोळ्यांचा विचार करू. आपले डोळे समोर आहेत, घोड्याचे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे मान न वळवता त्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. आपल्याला जेमतेम १८० ते २०० अंशांचा दिसतो. मात्र त्याच्या कपाळासमोरचा व नाकाखालचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याला दिसत नाही. मागून गुपचूप येणाऱ्या माणसाला घोडा लाथ का मारतो, याचे उत्तर येथे आहे. त्याला माणूस दिसलेलाच नसतो. आपल्याकडील टांगेवाले घोड्याच्या डोळ्यांना ढापणे लावीत. बाजूचे व मागचे दिसले की घोडा बुजतो, हे त्यांना अनुभवाने पक्के ठाऊक होते.

रंगांच्या बाबतीतही फरक आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, घोड्याच्या डोळ्यांत दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, पण लाल आणि हिरवा यांच्यात तो गोंधळतो. बारीकसारीक तपशीलही त्याला आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत. पण अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगले दिसते, आणि हलणारी वस्तू तर तो चटकन टिपतो. वाऱ्याने फडफडणारी प्लास्टिकची पिशवी तुम्हांला 'नुसती पिशवी' वाटते. घोड्याच्या मेंदूला ती प्रथम 'काहीतरी हलले' अशी कळते, आणि ती पिशवी आहे हे ठरण्याच्या आत त्याचे पाय उचललेले असतात.

कानांचेही असेच. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे आवाज ऐकू येतात. घोड्याला सुमारे ५५ ते ३३,५०० हर्ट्झपर्यंतचे. म्हणजे आपल्याला ऐकूच न येणारे काही आवाज तो ऐकत असतो. बँड, फटाके आणि गर्दी यांच्या मधोमध वरातीच्या घोड्याला उभे करणारांनी ही संख्या एकदा जरूर वाचावी.

येथे एक जुना समजही तपासून पाहू. जाताना एका बाजूला दिसलेल्या वस्तूला घोडा बुजला नाही, पण येताना तिलाच बुजला, असे पुष्कळदा घडते. यावरून 'घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेले दुसऱ्या डोळ्याला कळत नाही' असे सांगत. १९९९ साली अमेरिकेत एव्हलिन हँगी यांनी याची परीक्षा घेतली. एक डोळा झाकून शिकवलेली गोष्ट घोड्यांनी दुसऱ्या डोळ्याने बरोबर ओळखली. मेंदूच्या दोन्ही अर्धांमध्ये देवाणघेवाण होते. मग येताना घोडा का बुजतो? येताना तीच वस्तू दुसऱ्या बाजूने आणि वेगळ्या उजेडात दिसते, हे अधिक संभवनीय कारण आहे. अनुभव खरा असला तरी त्याचे सांगितलेले कारण खरे असेलच असे नाही, हा धडा घोड्यांपुरताच नाही.

कपाळामागचा फरक

माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, घोड्याच्या मेंदूचे सुमारे ६०० ग्रॅम. पण वजनापेक्षा रचना महत्त्वाची. आपल्या कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे, तो बेत आखणे, परिणामांचा विचार करणे, मनातली ऊर्मी आवरणे ही कामे करतो. माणसात हा भाग फार विकसित झाला आहे. घोड्यात तो तुलनेने बराच लहान आहे. उलट, धोका ओळखून शरीराला सावध करणारी यंत्रणा त्याच्यात अतिशय तत्पर असते. यात नवल नाही. घोड्याचे पूर्वज उघड्या माळरानावर राहणारे, लांडग्यांसारख्या शिकारी प्राण्यांचे भक्ष्य होते. 'आधी पळ, मग पाहा' हे ज्यांना जमले ते जगले, आणि त्यांचाच वंश पुढे चालला.

आता 'हा घोडा मुद्दाम त्रास देतो', 'नवा माणूस पाहून खोड्या करतो' या तक्रारींकडे पाहा. मुद्दाम त्रास देण्यासाठी आधी बेत आखावा लागतो, समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखून त्याला चिडवण्याचे ठरवावे लागते. हे काम माणसाच्या मेंदूला सहज जमते, म्हणून आपण ते घोड्याला चिकटवतो. घोडा अडतो तेव्हा बहुधा तो घाबरलेला असतो, किंवा त्याला कोठेतरी दुखत असते, किंवा आपण काय सांगतो ते त्याला कळलेले नसते. या तिन्हींवर चाबूक हा उपाय नाही. पहिल्यात तो भीती वाढवतो, दुसऱ्यात वेदना, आणि तिसऱ्यात गोंधळ.

वरातीमागून घोडे

मग घोडा शिकतो तरी कसा? लगाम किंचित ओढला की तोंडातल्या कडीचा दाब पडतो. कडी बसते ती खालच्या जबड्यातल्या दात नसलेल्या जागेवर. तेथे हाडावर पातळसे आवरण असते, म्हणून थोडा दाबही घोड्याला पुरेसा कळतो. घोडा थांबला की स्वाराने लगाम तत्काळ सैल सोडायचा असतो. 'थांबलो की दाब जातो' अशी जोडी मेंदूत बसते. म्हणजे घोड्याला शिकवतो तो दाब नव्हे, दाबातून झालेली सुटका शिकवते. आणि ही सुटका त्याच क्षणी व्हावी लागते. काही सेकंद उशीर झाला तर मधल्या वेळात घोड्याने मान झटकलेली असते, एक पाऊल मागे घेतलेले असते, आणि मेंदूत जोडी बसते ती त्या गोष्टीशी.

हे लक्षात घेतले की मागाहून दिलेली शिक्षा निरुपयोगी का, हे कळते. घोडा बुजला, उधळला, पकडून आणला आणि मग त्याला मारले, तर त्याच्या मेंदूत नोंद होते ती 'परत आलो आणि मार बसला' अशी! 'वरातीमागून घोडे' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

दुसरी चूक म्हणजे सतत टाचा मारणे. अंगावर बसलेली माशी ज्याला कळते आणि जो तेवढीच कातडी थरथरवतो, त्या प्राण्याला जोरदार टाचेची गरज नसते. पण तो चालू लागल्यावरही टाचा चालूच राहिल्या तर त्या संदेशाला अर्थ उरत नाही. घड्याळाची टिकटिक जशी आपल्याला ऐकू येईनाशी होते, तशा टाचा त्याला जाणवेनाशा होतात. मग लोक म्हणतात, 'हे तट्टू मठ्ठ आहे.' मठ्ठ कोणी केले?

बर्लिनचा हान्स

घोड्याची खरी हुशारी कशात आहे, हे एका प्रसिद्ध प्रकरणातून दिसते. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देई. नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाला त्यात लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने पद्धतशीर प्रयोग केले व १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित चुके. खुराचे ठोके योग्य संख्येला पोचले की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई, आणि ती हालचाल पाहून हान्स थांबे. विशेष म्हणजे हे गुपित कळल्यावरही स्वतः फुंग्स्टला आपली हालचाल पूर्ण आवरता येईना!

या प्रकरणातून 'घोडा काही हुशार नव्हता' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो अपुरा वाटतो. भोवतीच्या शेकडो माणसांना जे दिसले नाही, ते त्या घोड्याला दिसत होते. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणसाचे अंग वाचता येत होते.

अलीकडच्या संशोधनाने याला दुजोरा दिला आहे. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांनी घोड्यांना ठरलेल्या वाटेने नेले. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले, की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्याबरोबर घोड्याचेही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात रागावलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले.

आता पहिल्यांदा घोड्यावर बसलेल्या मुलाची कल्पना करा. घोडा थोडा हलला की मुलाचा मेंदू त्याला सांगतो, 'घट्ट धर!' आपले पूर्वज फांद्यांना धरून राहणारे, त्यामुळे ही ऊर्मी स्वाभाविक आहे. मूल पुढे वाकते, दोन्ही पायांनी घोड्याचे पोट आवळते आणि लगाम ओढते. शिकलेल्या घोड्याच्या भाषेत पाय आवळणे म्हणजे 'चल' आणि लगाम ओढणे म्हणजे 'थांब'. दोन्ही हुकूम एकाच वेळी! घोडा गोंधळून उसळला तर ते मूल म्हणते, 'घोडा वाईट आहे.'

मग करायचे काय?

घोडेवाल्यांवर सगळा दोष टाकणे मला मान्य नाही. त्यांचे पोट या व्यवसायावर आहे, आणि घोड्याचे कान, शेपूट, श्वास पाहून त्याचे मन ओळखणारे अनेक जाणकार त्यांच्यात आहेत. 'आम्हांला हे शास्त्र कशाला? मारल्याशिवाय जनावर चालत नाही' असे म्हणणारेही आहेत. त्यांना उत्तर असे, की मारलेला घोडा चालतो हे खरे, पण तो भीतीने चालतो, आणि भ्यालेला घोडाच उधळतो. पाठीवर परक्याचे मूल बसवणाऱ्याला हा धोका परवडणारा नाही. शिवाय १९६० च्या प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने जनावराला मारणे, त्याच्यावर बेसुमार स्वारी करणे वा ओझे लादणे हा गुन्हा ठरवला आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा समजूत अधिक टिकते.

माझी सूचना साधी आहे. फेरीआधी दोन मिनिटे स्वाराला शिकवावे. घोड्याजवळ मागून नव्हे, तर बाजूने आणि बोलत जावे. बसल्यावर ताठ पण सैल बसावे. भीती वाटली तर लगाम न ओढता लांब श्वास सोडावा. आरडाओरडा करू नये. सहलीला निघण्यापूर्वी ही दोन मिनिटे शिक्षकांनी वर्गातच द्यावीत. आणि पाठीवर जखम असलेल्या, लंगडणाऱ्या किंवा चाबकाशिवाय हलत नसलेल्या घोड्यावर बसण्यास विद्यार्थ्यांनी नम्रपणे नकार द्यावा. गिऱ्हाईक काय मागते याकडे प्रत्येक धंद्याचे लक्ष असते.

ज्यांच्या गावी घोडा नाही त्यांनी बैल पाहावा. नांगरणीच्या वेळी चांगला नांगऱ्या कासरा केव्हा ओढतो आणि केव्हा सैल सोडतो, याची दहा मिनिटे नोंद करा. तुमच्या आजोबांना विचारा की बैल वळल्यावर ते हात का ढिला सोडतात. या लेखात सांगितलेला सुटकेचा नियम त्यांच्या हातात असतो. त्यांनी तो पुस्तकातून घेतलेला नसतो. तुमच्या नोंदी वर्गात वाचून दाखवा. आणि आजोबा जे कारण सांगतील, तेही फुंग्स्टच्या पद्धतीने तपासून पाहा.