हिरवा रंग म्हणजे हिरवळ नव्हे

"डॉक्टर, आमच्या गच्चीवर बारा महिने हिरवळ असते," असे कोणी सांगितले की मी आधी विचारतो, "खरी की प्लास्टिकची?" नागपुरात हा प्रश्न शोभेचा नाही, आरोग्याचा आहे.

आपला कूलर आठवा. त्यातला वाळा ओला राहतो, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. जिवंत गवत हेच करते. पानांतून पाणी सोडून स्वतः थंड राहते. प्लास्टिकच्या गवताला हे जमत नाही. ते नुसते तापते. नवतपात पारा 45 अंशांवर असताना ते 60 अंशांच्याही पुढे जाऊ शकते.

त्यावर रांगणाऱ्या बाळाचे तळहात, गुडघे भाजू शकतात. त्याहून फसवा धोका मधुमेहींना. पाय बधिर झालेल्यांना चटका कळतच नाही. फोड नंतर दिसतो, आणि ती जखम चिघळली तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

"पण पाणी वाचते ना?" वाचते. मात्र भर उन्हात ते गार करायला पाणीच शिंपडावे लागते, आणि सुकले की ते पुन्हा तापते. त्यापेक्षा हिरवी जाळी बांधा, चार कुंड्या ठेवा.

आधीच अंथरले असेल, तर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. टेकवत नसेल, तर तिथे अनवाणी पाय नको. भाजलेच तर 20 मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा; बर्फ, टूथपेस्ट लावू नका.

घरात तान्हे मूल किंवा मधुमेही असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: हे गवत नकोच.