मांजर आणलंत? आता जरा बाजूला व्हा!

मांजर पाळणं आणि मांजर घरात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण गोंयकार पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. दुसरीची आपल्याला सवय नाही, आणि गंमत म्हणजे सवय नाही हे आपल्याला मान्यही नाही!

आठवून बघा. जुन्या घरात मांजर कुणी ‘आणत’ नसे. ते असायचंच. सकाळी परसात नुस्तं चिरायला विळी मांडली की खवलं आणि डोकी खायला कुठूनसं हजर व्हायचं. रात्री माळ्यावर उंदरांमागे, पावसात चुलीच्या उबेला. व्यायचं असेल तर लाकडांच्या राशीमागे. दार दिवसभर उघडं, त्यामुळे यायचं तेव्हा यायचं, जायचं तेव्हा जायचं. त्याला घराची सवय कुणी लावली नाही, कारण ते कधी कुणाच्या ताब्यात नव्हतंच.

आता आपण फोंड्यात, म्हापशात, पर्वरीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतो. दाराला लॅच, खाली गाड्या, गेटपाशी कुत्र्यांची टोळी. जुलैच्या पावसात स्कूटरखाली कुडकुडणारं मांजर मुलं उचलून वर आणतात आणि आपण अपेक्षा मात्र तीच जुनी ठेवतो : “राहील आपोआप. होईल सवय.” तीन दिवसांत ते मांडीवर यावं, आठवड्यात नावाने हाक मारली की धावावं. तसं होत नाही. ते कपाटामागे दडतं, रात्रभर ओरडतं, गादीवर घाण करतं, हात लावायला गेलं की फिस्कारतं. मग पंधराव्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतं, “सोडून या बाजारात. नुस्तं मिळेल, सुखी राहील बिचारं.”

पोत्यात घालून मांजर मासळी बाजारात सोडणं ही आपली फार जुनी आणि, स्पष्टच सांगतो, फार वाईट खोड आहे. त्या बाजारात आधीपासून बोके आणि भाट्या आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. नव्याला तिथे मार मिळतो, डोकी मिळत नाहीत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत सबळ कारणाशिवाय प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. (कारकुनाला कलमं सांगायची सवय असते, इलाज नाही!)

माझं म्हणणं एवढंच आहे : मांजर ‘जमत नाही’ म्हणून परत जातं तेव्हा बहुतेक वेळा ते मांजराचं नव्हे, आपल्या घाईचं फळ असतं. पहिले काही आठवडे त्याला माया कमी आणि मोकळीक जास्त हवी असते.

कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला मर्कटन्याय आणि मार्जारन्याय शिकवत. माकडाचं पोर आईला घट्ट धरून असतं. मांजराचं पिल्लू काही करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. संपूर्ण शरणागतीचा हा दाखला. आपण रस्त्यावरचं मांजर घरी आणतो तेव्हा नकळत हीच अपेक्षा ठेवतो : आम्ही उचललं, आता तू शरण ये. पण पिल्लू शरण जातं ते आपल्या आईला. आपण त्याची आई नाही. त्याच्या लेखी आपण त्याला पकडून एका बंद जागेत आणलेला एक मोठा प्राणी आहोत.

मग करायचं काय? पहिल्या दिवशी अख्खं घर दाखवू नका. एक खोली द्या, वर्दळ नसलेली. त्यात लपायला जागा हवीच. २०१४ साली नेदरलँड्समध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणिगृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोकं दिलं, ९ जणांना दिलं नाही. खोकंवाली मांजरं तीन-चार दिवसांतच बरीच निवांत झाली. बाकीच्यांना जास्त दिवस लागले. एक पुठ्ठ्याचं खोकं! आपण मात्र “लपून बसलंय, काढा बाहेर” म्हणून झाडू घेऊन पलंगाखाली वाकतो.

आमची तारली ऑफिसमागच्या स्कूटर स्टँडवरून घरी आली, ती पहिले पाच दिवस आडव्या ठेवलेल्या खोक्यातच होती. आम्ही दिवसातून दोनदा त्या खोलीत जायचो, जमिनीवर बसायचो, पेपर वाचायचो आणि उठून यायचो. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, हा नियम. सहाव्या दिवशी तिने पेपरचा कोपरा हुंगला. घरात त्याचा आनंद बारावीच्या निकालाएवढा झाला.

बघायचंच असेल तर डोळे अर्धवट मिटून, सावकाश उघडझाप करत बघा. टक लावून पाहणं मांजराला धमकीसारखं वाटतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की माणसाने अशी संथ उघडझाप केली तर मांजर तशीच परत करतं आणि अनोळखी माणसाच्याही जवळ जास्त सहज येतं. आपल्याकडे ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ म्हणून त्याला लबाड ठरवलंय. डोळे मिटणं ही त्याच्याकडची विश्वासाची खूण असेल, हे म्हण करणाऱ्याच्या मनातही आलं नसावं!

दुधाचंही तसंच. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. नव्या घरातली भीती, त्यात बशीभर दूध, मग जुलाब आणि मग “घाण करतं” म्हणून त्याच्याच नावाने ओरड! हुमण कालवलेलं शीतही नको. त्यात मीठ-तिखट असतं, आणि कांदा-लसूण मांजराला चक्क विषारी. काटे काढलेलं उकडलेलं नुस्तं, उकडलेली कोंबडी, अंडं चालतं. पण मांजर मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला खाण्यातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणून नुसत्या भातावर ते जगवू नये. मांजरांसाठी तयार मिळणारं पूर्ण अन्न परवडेल तेवढं तरी द्यावं.

घाणीचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. रस्त्यावरचं मांजर आयुष्यभर माती उकरून, वर माती ओढत आलेलं असतं. त्याला तुमची मोरी कशी कळणार? पसरट टबात रेती घाला, सुरुवातीला तिच्यात थोडी बाहेरची माती मिसळा. वास ओळखीचा आला की ते स्वतःच जातं. टब खाण्याच्या भांड्यापासून दूर ठेवा आणि रोज साफ करा. चुकून दुसरीकडे झालं तर नाक घासू नका, मारू नका. त्यातून ते एकच शिकतं : या माणसापासून लांब राहायचं.

आणि घाण पुसायला फिनेल नको, हे ठळक अक्षरांत लिहून घ्या. फिनेल, डांबराच्या गोळ्या, कुत्र्यांची गोचिडांची औषधं मांजराला घातक आहेत. ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल दिली, तर एक गोळीही जीव घेऊ शकते.

डॉक्टरकडे मात्र लवकर जा. जंताचं औषध, मांजरांच्या नेहमीच्या रोगांची लस, रेबीजची लस. २०२१ मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, म्हणून लस टाळायचं कारण नाही. ओरखडा किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःही दवाखान्यात जा. नसबंदी तर टाळूच नये. भाटी चार-सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, आणि गाभण राहिल्यापासून नऊ आठवड्यांत पिल्लं. मग पुन्हा तेच पोतं, तोच बाजार.

बाल्कनीला जाळी हवी. आणखी एक, खास आपल्यासाठी : चवथीच्या तोंडावर नवं मांजर घरात आणू नका. पाहुणे, आरत्या, फटाके, वर माटोळीला लोंबकळणारी फळं... त्या जिवाला हे सगळं एकदम झेपणार नाही. आधीच आणलं असेल तर ते दिवस, आणि पुढे नरकासुराची रात्रही, त्याला आतल्या खोलीत दार लावून राहू द्या.

इथे कुणीतरी म्हणेलच, “मोकळ्या जिवाला असं कोंडून ठेवणं पाप नाही का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर मांजर पाहून द्यावं लागतं. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हातात आलं तर माणूस त्याला आपला वाटतो. माणसाचा स्पर्शच न झालेलं चार-पाच वर्षांचं रानटी बोकं फ्लॅटमध्ये सुखी होणं कठीण. त्याची नसबंदी करून, लस देऊन, होतं तिथेच सोडावं आणि रोज खायला घालावं. तीही दयाच आहे. पण जे मांजर पायात घोटाळतं, हाक मारली की ओ देतं, त्याला खिडकीतलं ऊन, चढायला उंच फळी आणि रोज दहा मिनिटं दोरीचा खेळ मिळाला, तर बंद दार त्याला तुरुंग वाटत नाही. गाडीखाली मरण्याचं स्वातंत्र्य आपण आपल्या मुलांनाही देत नाही.

आणि “मांजर घरावर जीव लावतं, माणसावर नाही” हे तर आता सोडूनच द्या. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात पिल्लांची पाहणी झाली. अनोळखी खोलीत माणूस दोन मिनिटं बाहेर जाऊन परत आला, की सुमारे ६४ टक्के पिल्लं त्याला भेटून निवांत होत आणि पुन्हा खोलीभर हिंडू लागत. म्हणजे माणूस हाच त्यांचा आधार होता. हा आधार उचलून घेतल्याने तयार होत नाही. तो रोज ठरल्या वेळी ठेवलेल्या वाटीने, न मारलेल्या हाताने आणि न केलेल्या आवाजाने तयार होतो.

तेव्हा मंडळी, या पावसाळ्यात मुलांनी भिजलेलं पिल्लू वर आणलं, तर “नको” म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पैसे नाहीत, वेळ नाही, घरात कुणाला दमा आहे... ही सगळी प्रामाणिक कारणं आहेत. अशा वेळी घेणारं दुसरं घर शोधून द्या. पण “हो” म्हणालात, तर ते हो पंधरा दिवसांचं नसतं. घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा-पंधरा वर्षं जगतं. त्यातले सुरुवातीचे तीन-चार आठवडे त्याला त्याच्या चालीने चालू द्या. बाकीची वर्षं ते तुमच्या खुर्चीवर बसणारच आहे. तुम्हाला उभं राहावं लागेल, एवढंच!