नाव झाकले म्हणजे

लष्करातील आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून एक खेळ चालत आला आहे. गायकाचे नाव न सांगता ध्वनिमुद्रिका लावावयाची आणि मग मंडळींचे मत विचारावयाचे. वडील दरबारी गवई. ग्वाल्हेर गायकीचे कडवे अभिमानी. आग्रेवाले त्यांना सहसा खपत नसत. पण नाव झाकले की एखाद्या आग्रेवाल्याच्या ख्यालालाही ते ‘वा!’ म्हणून जात, आणि नाव कळताच त्याच जागेत त्यांना खोड दिसे. आम्ही पोरे हसत असू.

ते हसणे गेल्या महिन्यात आमच्यावरच उलटले. भाच्याने वर्तमानपत्रातून पाणीपट्टीसंबंधी एक भाषण वाचून दाखविले. आम्ही मान डोलावली. “मामा, हे तुमच्या पक्षाचे नव्हेत हं!” तो म्हणाला. आणि काय सांगावे, पुढच्याच क्षणी त्या भाषणात आम्हांस तीन दोष सापडले!

जेफ्री कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००३ साली अशाच खोडीचे प्रयोग प्रसिद्ध केले. गरीब कुटुंबांना सरकारी साहाय्य देण्याची एक योजना त्याने विद्यार्थ्यांपुढे ठेवली. काहींपुढे सढळ हाताची, काहींपुढे आखडत्या हाताची. पक्षाचे नाव नसताना उदारमतवाद्यांना सढळ योजना आवडली, परंपरावाद्यांना आखडती. परंतु ‘तुमच्या पक्षाचा हिला पाठिंबा आहे’ एवढे कळताच उदारमतवाद्यांनी आखडती योजना उचलून धरली, परंपरावाद्यांनी सढळ! खरी गंमत पुढेच आहे. विचारले तेव्हा ते म्हणाले, आम्ही योजनेचा मजकूर पाहूनच मत दिले. पक्षाकडे पाहतात ते इतर लोक.

म्हणून पक्षनिष्ठा सर्वस्वी वेडगळ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. घराण्याच्या नावामागे पिढ्यांची मेहनत असते, आणि प्रत्येक तान स्वतः पारखून घेण्याइतकी सवड कोणाला आहे? नावावर भिस्त ठेवावी. पण ती ठेवली आहे हे आपले आपल्याला ठाऊक असावे. वडिलांना निदान ते ठाऊक होते. पकडले गेले की स्वतःचा कान धरून ते पुन्हा ध्वनिमुद्रिका लावावयास सांगत. आम्ही मात्र त्या दिवशी भाच्याशी अर्धा तास हुज्जत घातली. तीन दोषांपैकी एक खरा होता असे अजूनही वाटते. उरलेले दोन आता आठवत नाहीत.