तोंड मोठं, हौदा छोटा



परवा पारावर पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअपचा व्हिडिओ बघत होती. जाळी दरवाजाएवढी, बॉनेट माणसाच्या छातीपर्यंत. एकजण म्हणाला, "नाना, शेतकऱ्याची गाडी असावी तर अशी." मी विचारलं, हौदा किती फुटी? कुणालाच सांगता येईना. म्हणून हे लिहितोय.

तिथं कित्येक वर्षं सगळ्यात जास्त खपणारी पिकअप फोर्डची एफ-१५०. डबल केबिनची गाडी लांबीला १९ फुटांच्या वर, आणि छोटा हौदा साडेपाच फूट. आपला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, सगळा मिळून साडेबारा फूट आणि त्याचा हौदा ७ फूट. म्हणजे आपल्या गाडीची निम्म्याहून जास्त लांबी मालाची, आणि त्यांच्या गाडीची चार आण्याच्या थोडी वर. पूर्वी तिथंही एक सीट आणि ८ फुटी हौदा ही शेतकऱ्याची नेहमीची गाडी होती. केबिन वाढत गेली, हौदा आखडत गेला.

मग गाडी वाढली कशापायी? शेतीपायी नव्हे. कारणं ऐका.

पहिलं कारण कोंबडी. हसू नका. १९६२ च्या सुमारास अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात शिरली, तिथल्या देशांनी तिच्यावर कर वाढवला. अमेरिकेनं १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवून उट्टं काढलं. त्याच वेळी ब्रँडी आणि बटाट्याच्या स्टार्चवरही कर लावला होता. तो पुढं उठला, ट्रकवरचा साठ वर्षं राहिला. बाहेरची छोटी, स्वस्त गाडी दारातच अडली. टोयोटाची हायलक्स जगभर शेतात राबते, पण अमेरिकेत कंपनी ती विकत नाही.

दुसरं कारण मायलेजचा नियम. चार चाकांमधली जागा जितकी मोठी, तितकं मायलेजचं बंधन सैल. नियम केला इंधन वाचवायला, पण छोटी पिकअप बनवणाऱ्यालाच तो जास्त जाचला. २०११ साली फोर्डनं छोटी रेंजर तिथं बंद केली. नंतर त्याच नावानं परत आणली, ती आधीपेक्षा मोठी.

तिसरं, आयकर. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं मालासकट मंजूर वजन ६,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण २,७०० किलोंच्या वर असलं, की पहिल्याच वर्षी खर्चाची मोठी वजावट मिळते. साध्या कारला तेवढी नाही. जड घ्या, कर वाचवा!

चौथं, रुबाब. १९९४ साली डॉज रामनं मोठ्या मालट्रकसारखं तोंड काढलं आणि खप एकदम वाढला. मग सगळ्यांनीच गाडीला गुरगुरणारं तोंड दिलं. त्या उंचीनं माल एक किलोनंही वाढत नाही, उलट गोणी चढवायला खांदा जास्त उचलावा लागतो.

आणि ही उंची जीव घेते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं २०२३ साली जवळपास १८ हजार अपघात तपासले. ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटची गाडी, कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा, पायी चालणाऱ्याला मारण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. चार वर्षांचं पोर साधारण तेवढ्याच उंचीचं असतं. खळ्यात गाडी वळवताना समोर ते उभं असलं तर ड्रायव्हरला दिसणार कसं?

खरं ते खरं. ज्याला जनावरांची जड ट्रॉली लांब ओढायची आहे, त्याला ताकदीची गाडी लागतेच. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तिथलेच काही शेतकरी जपानचे ६६० सीसीचे छोटे ट्रक २५ वर्षं जुने झाल्यावर मागवतात, कारण त्याआधी आणायला नियम आडवा येतो. कामाची गाडी कोणती, हे त्यांना कळलंय. बाजारात ती नवी मिळत नाही, एवढंच.

आता आपल्याकडं या. मी कुणाला शहाणपण शिकवत नाही, मीच फसलोय. पाच एकराला ३५ एचपीचा ट्रॅक्टर पुरत होता. २०१६ ला मी ५० चा घेतला, कारण भावकीत दोघांकडं ५० चे होते. सहा वर्षं हप्ते फेडले. दोन बैठकांना सोयाबीनचा पैसा घरात न येता परस्पर बँकेत गेला. वर ओल्या रानात ते वजन फिरवून नांगराच्या तळाखाली जमीन घट्ट करून घेतली. आता पावसाचं पाणी चाकाच्या पट्ट्यात साचतं आणि तिथलं पीक पिवळं पडतं.

अमेरिकेत गाडी सरकारी नियमानं आणि कंपनीच्या नफ्यानं फुगली. आपल्याकडं तसा नियमही नाही, आपण नुसतं शेजाऱ्याकडं बघून फुगतोय.

कृषी खात्यातली मंडळी हे वाचतात, त्यांना विनंती. अवजाराच्या शिबिरात एचपी सांगता, त्याआधी विचारा, रान किती, माती कुठली, वर्षाला तास किती. आणि पोरांनो, गाडी घेताना तोंडाकडं बघू नका. मागं जा, हौदा मोजा, मग हप्ता मोजा.