गोरखचिंच : परड्यातली पाहुणी

आपल्या सीमाभागातल्या घरांत एका झाडाला निदान दोन नावे असतातच. कडुनिंबाला सासरी बेवु म्हणायचे आणि माहेरी लिंब. पण गोरखचिंचेची गंमत न्यारी आहे. मराठीत ती गोरखचिंच, कन्नडमध्ये दोड्ड हुणसे म्हणजे मोठी चिंच, मांडवगडला खुरासानी इमली, गुजरातेत गोरख आमली आणि रुखडो, तर हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात तिलाच ‘हातियाँ का झाड’ म्हणतात. इतकी नावे मिळवूनही हे झाड चिंच मात्र नाही. चिंच शेंगांच्या कुळातली आणि गोरखचिंच सावरीच्या गोतातली. फळ आंबट लागते, एवढ्यावरून आपल्या लोकांनी नाते जोडले. हत्तीचे नाव का मिळाले, ते बुंधा पाहिल्यावर कुणाला विचारावे लागत नाही.

हिचे मूळ घर आफ्रिका. तिथे ही बाओबाब म्हणून ओळखली जाते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल आदांसाँ १७४९ मध्ये सेनेगलला पोचला. तिथली ही अजस्र झाडे पाहून त्याने त्यांचे सविस्तर वर्णन लिहिले आणि पुढे झाडाच्या शास्त्रीय नावात, अ‍ॅडन्सोनिया डिजिटाटामध्ये, त्याचेच नाव आले. बाओबाबच्या एकूण ८ जाती. त्यांतल्या ६ मादागास्करच्या, १ ऑस्ट्रेलियाची आणि १ आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीवरची. आपल्याकडे आहे ती ही शेवटची.

ती इकडे आली कशी? भारतातल्या झाडांची जनुकीय तपासणी करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपली झाडे आफ्रिकेच्या किनारी भागातल्या झाडांशी नाते सांगणारी निघाली आणि ती एकदाच नव्हे, तर वेगवेगळ्या काळी आलेली दिसली. गलबतांतून व्यापारी आले, हबशी सैनिक आले, आणि त्यांच्याबरोबर हे टिकाऊ, आंबट फळ. विजापूरच्या आदिलशाहीत हबशी सरदार मोठ्या हुद्द्यांवर होते आणि विजापूर शहरात गोरखचिंचेची जुनी झाडे आहेत, हे दोन्ही लक्षात ठेवले म्हणजे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्याकडे मग तिला गोरखनाथांचे नाव लागले. या झाडाखाली बसून नाथांनी शिष्यांना उपदेश केला, अशी श्रद्धा आहे. लांबून आलेल्या सुनेला नवे नाव देऊन घरातली करून घ्यावी, तसे हे झाले.

आपल्या वाचकांना जवळची जुनी झाडे म्हणजे हावेरी जिल्ह्यातल्या सवणूरची. तिथल्या दोड्ड हुणसे मठाच्या आवारात ३ प्रचंड झाडे नांदत होती. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांतले एक कोसळले आणि फांद्या छाटून ते पुन्हा रोवण्याची खटपट झाली. या झाडांच्या वयाचे दोन हजार वर्षांपर्यंतचे आकडे ऐकू येतात. पण गोरखचिंचेचे वय घेरावरून सांगता येत नाही. तिचे खोड पाणी साठवून फुगते, उन्हाळ्यात थोडे आक्रसते, आणि कित्येकदा अनेक खोडे मिळून एक झालेले असते. वय ठरवायला लाकडाची रेडिओकार्बन तपासणी करावी लागते. तशी तपासणी केलेले झिंबाब्वेतले पांके नावाचे झाड सुमारे २४५० वर्षांचे होते. २०११ पर्यंत ते मरून गेले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, की आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या १३ झाडांपैकी ९ झाडे २००५ नंतर पूर्ण किंवा काही अंशी कोसळली. हवामानातल्या बदलावर त्यांचा संशय आहे.

हे सगळे आज लिहायचे कारण म्हणजे निपाणीजवळच्या एका गावातल्या वाचक वहिनींचा फोन. या वहिनी माहेरच्या विजापूरकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या, सासर मराठी. त्यांचे मामंजी एस.टी.वर चालक होते. निवृत्तीनंतर सवणूरला गेले असताना त्यांनी एक फळ आणले, त्याच्या बिया रुजवल्या आणि एक रोप परड्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून जेमतेम ५ फुटांवर लावले. ९ वर्षांत झाड दोन पुरुष उंच झाले. दोन वर्षांमागे मामंजी गेले. आता थोरले दीर म्हणू लागले, झाड तोडायचे. शेजारपाजाऱ्यांनी भर घातली, की वर्षातले सहा महिने बोडके उभे राहणारे झाड दारात शोभत नाही, भुताचे झाड आहे. सासूबाईंनी अन्नपाणी टाकायचेच बाकी ठेवले होते. “त्यांनी लावलेलं हाय. माझ्या डोळ्यांदेखत त्यावर कुऱ्हाड घालू नका,” एवढेच त्या म्हणत. वहिनी म्हणाल्या, “दोघांचंही मला पटतंय, म्हणून तर फोन केला.”

मी माघात जाऊन झाड पाहून आलो. भुताचे म्हणाल तर त्यात काही तथ्य नाही. कोरड्या दिवसांत पाने टाकून देणे हा त्या झाडाचा पाणी वाचवण्याचा रिवाज आहे. आफ्रिकेतही बोडके झाड पाहून लोक म्हणतात, की देवाने हे उलटे रोवले, मुळे वर आणि शेंडा खाली. पण दिरांची काळजी खोटी नव्हती. पूर्ण वाढलेल्या गोरखचिंचेचा घेर ३० फुटांच्या पुढे जातो. मुळे फार खोल न जाता आडवी, दूरवर पसरतात. अशा झाडाला घरापासून ५ फूट म्हणजे काहीच नाही. आज नाही, पण नातवंडांच्या काळात भिंत आणि झाड यांतले एकच राहणार.

मग तिसरा मार्ग निघतो का, याचा विचार केला. गोरखचिंच इतर झाडांसारखी नाही. खोड मऊ, स्पंजासारखे आणि पाण्याने भरलेले असते. म्हणून तिला हलवणे सोपे जाते. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये तिथल्या जातीचे ३६ टनांचे एक जुने झाड ट्रेलरवर घालून सुमारे ३२०० किलोमीटरवरच्या पर्थ शहरात नेले आणि किंग्स पार्कमध्ये लावले. आपल्या वहिनींचे झाड तर घरापासून फर्लांगभर अंतरावरच्या शेताच्या बांधावर न्यायचे होते.

फाल्गुनात, झाड पूर्ण बोडके असताना, घरच्या माणसांनीच ते काढले. भोवताली दोन-अडीच फूट जागा सोडून चर खणला आणि खालचे मुसळासारखे जाड मूळ जमेल तेवढे लांब राखले. तुटलेल्या मुळांची टोके धारदार कोयत्याने साफ करून झाड ८ दिवस गोठ्यात सावलीला ठेवले, म्हणजे जखमा सुकतात. ओल्या जखमेनिशी लावले तर मूळ कुजते. मग बांधावरच्या मुरमाड जागेत, पूर्वी होते तितक्याच खोलीवर बसवून दोन बाजूंनी टेकू दिले. पाणी मात्र दिले नाही. हे सासूबाईंना काही केल्या पटेना. तांब्या घेऊन त्या रोज बांधाकडे निघत आणि वहिनी त्यांना परत आणत. पाने नसलेल्या गोरखचिंचेला पाणी घालणे म्हणजे तिला कुजवणे. वळवाच्या दोन सरी झाल्या, डोळे फुगले, तेव्हा पहिले पाणी द्यायला थोरले दीर आपण होऊन गेले. सध्या झाडाला पाने आहेत, पण शेंड्याकडची एक फांदी वाळली. पुढच्या उन्हाळ्यानंतरच ते खरे लागले की नाही, ते कळेल.

आता ज्यांना नवीन रोप करायचे आहे त्यांच्यासाठी. बी चिंचोक्याहून लहान, काळपट आणि फार टणक असते. नुसते पेरले तर ते महिनोन्‌महिने रुजत नाही. बीची एक बाजू कानशीने पांढरे दिसेपर्यंत घासावी, मग कढत पाण्यात टाकून ते पाणी थंड होईपर्यंत म्हणजे दिवसभर ठेवावे. फुगलेले बी निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत बोटाच्या एका पेराएवढे खोल लावावे. वैशाख-ज्येष्ठ ही चांगली वेळ. पहिली पाने साधी, एकेकटी येतात. ती पाहून, “बी दुसरंच निघालं,” म्हणून रोप उपटू नका. हाताच्या पंजासारखी ५ ते ७ पर्णिकांची पाने पुढे येतात. कुंडी खोल घ्या, कारण मूळ लवकर मुळ्यासारखे फुगते.

जागा निवडताना पाऊस पाहा. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती आणि विजापूरकडची कोरडी हवा तिला मानवते. खानापूरच्या झडीत आणि पाणी धरणाऱ्या जमिनीत ती रडते, तिथे उतारावर किंवा उंचवट्यावरच लावा. घर, विहीर, रस्ता, विजेच्या तारा यांपासून ५० फूट तरी दूर. आणि धीर धरा. बियांपासून केलेल्या झाडाला फळ यायला साधारण ८ ते २० वर्षे लागू शकतात. कलमी झाड बरेच आधी फळते. फूल पांढरे, हातभर देठाला उलटे लोंबणारे, संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन गळते. परागीभवन वटवाघळे करतात. तेव्हा त्यांना हाकलून फळाची वाट पाहू नये.

फळ म्हणजे मखमली लव असलेला छोटा दुध्याच जणू. हिवाळ्यात ते पिकते आणि आतला गर झाडावरच वाळून खडूसारखा पांढरा होतो. आठळ्या, लाल तंतू आणि त्याभोवती हा आंबट गर. त्यात क जीवनसत्त्व, चुना म्हणजे कॅल्शियम, पोटॅशियम आणि चोथा चांगल्या प्रमाणात असतो. २००८ मध्ये युरोपीय संघाने हा गर खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी दिली आणि तेव्हापासून त्याची भुकटी परदेशी दुकानांत महागड्या डब्यांतून विकली जाते. सेनेगलमध्ये त्याचे ‘बुये’ नावाचे घट्ट सरबत करतात, सुदानमध्ये ‘गोंगोलेझ’. झांझिबारला बिया साखरेच्या लाल पाकात घोळवून ‘उबुयु’ विकतात आणि पोरे ते चघळत फिरतात. नायजेरियात हौसा लोक वाळलेल्या पानांच्या पुडीची बुळबुळीत आमटी करतात. सुदानच्या कोर्दोफान भागात पोकळ बुंध्यांत पावसाचे पाणी साठवून ठेवत. साल सोलून दोर वळतात आणि सोललेल्या जागी पुन्हा साल येते. लाकूड मात्र ना बांधकामाच्या कामाचे, ना सरपणाच्या. कदाचित म्हणूनच ही झाडे एवढी जगली असावीत.

आपल्या घरी सरबत असे करा. एका फळाचा गर तंतू काढून कोमट पाण्यात तासभर भिजवा, हाताने कोळा, बिया-चोथा गाळून टाका. गूळ, भाजल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ. उकळू नका, उकळल्याने क जीवनसत्त्व कमी होते. आमटीतही आमसुलाऐवजी हा कोळ चालतो, थोडी दाटीही येते. लहान मुलांना बियांसह गर चोखायला देऊ नका, घशात अडकते.

औषधाबद्दल दोन शब्द स्पष्ट लिहितो. आफ्रिकेत आणि आपल्याकडेही ताप, जुलाब यांवर हा गर देण्याची जुनी चाल आहे. तापात आंबट-गोड पेय बरे वाटते, पोटात पाणी जाते, हे खरे. पण मुलाला जुलाब लागले तर आधी क्षारसंजीवनी म्हणजे ओ.आर.एस. आणि मग डॉक्टर. गोरखचिंचेच्या भरवशावर रात्र काढू नये. सालीचा काढा एके काळी हिवतापावर क्विनाइनच्या जागी देत, तो आज कुणी घेऊ नये, हिवतापाला खात्रीची औषधे आहेत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे वैद्यांना विचारूनच घ्यावे आणि मधुमेह असेल तर गुळाचा हात आखडता.

वहिनींच्या सासूबाईंनी एक बरणी दाखवली. मामंजींनी आणलेल्या त्या फळाच्या उरलेल्या १४ बिया त्यांनी राखेत घालून जपल्या आहेत. टणक कवचामुळे या बिया वर्षानुवर्षे टिकू शकतात. त्यांतल्या दोन येत्या वैशाखात नातवाच्या हातून रुजवायच्या ठरल्या आहेत. हे रोप दारात लागणार नाही, हे आधीच ठरले आहे. तुमच्या गावात, शिवारात, मठाच्या किंवा दर्ग्याच्या आवारात जुनी दोड्ड हुणसे असेल, तर तिचा ठावठिकाणा आणि तिकडच्या बोलीतले नाव साप्ताहिकाकडे जरूर कळवा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, दोन्ही वाचता येते.