तुंगार्लीची रोजनिशी कोण ठेवणार?

पावसाळ्यातील एखाद्या रविवारी तुंगार्लीच्या धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर किती छायाचित्रे निघत असतील, याची गणती करणे अशक्य आहे. लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरलेले प्रवासी, राजमाचीकडे निघालेले विद्यार्थी, मोटारीतून आलेली कुटुंबे, या सर्वांच्या हातात यंत्र असते आणि समोर धुके, पाणी व हिरवा डोंगर असतो. ती चित्रे रात्रीपर्यंत दूरदूर पोहोचतात आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरलीही जातात. परंतु याच तुंगार्लीत वाढणाऱ्या एखाद्या मुलाला शाळेत विचारले, की तुझ्या आजोबांचे घर कसे होते, आजी पाणी कोठून आणीत असे, बंगल्यांची रांग उभी राहण्यापूर्वी त्या जागेवर काय होते, तर दाखवण्यासाठी त्याच्याजवळ फार तर एखादे लग्नसमारंभाचे छायाचित्र असते. पाहुण्यांनी टिपलेले गाव अमाप आहे. गावाने स्वतः टिपलेले गाव मात्र जवळजवळ नाही.

या विसंगतीवर एक साधा उपाय आहे. दररोज एकच छायाचित्र काढावे, घरातले, गल्लीतले, कामावर जातानाचे किंवा प्रवासातले, आणि त्याखाली तारीख, स्थळ व माणसांची नावे लिहून ठेवावीत. काही हौशी मंडळी हा उपक्रम वर्षानुवर्षे करीत आली आहेत. त्याकडे रिकामपणचा उद्योग म्हणून पाहिले जाते. वास्तविक तो त्याहून पुष्कळच गंभीर मानला पाहिजे.

लोणावळ्याच्या परिसराचा छायाचित्राशी संबंध जुना आहे. बोरघाटातून लोहमार्ग नेण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. १८६१ च्या आरंभी या कामावर ४२ हजारांहून अधिक मजूर होते. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. कामाचे कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर लवकरच मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते काम पुढे नेले. घाटातील या बांधकामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह या बाईंच्या नावे ओळखला जातो. त्या काळच्या जड सामग्रीचा विचार करता हे काम थोर म्हटले पाहिजे. परंतु पूल व बोगदे यांचे असे दर्शन घडत असताना ज्यांनी ते कडे फोडले, ते मजूर संध्याकाळी कोठे परतत, काय रांधत, त्यांची मुले कोठे निजत, हे सांगणारी नोंद कोणी ठेवली? इंजिनिअरांची व कंत्राटदारांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. मजुरांची फक्त संख्या ठाऊक आहे. ज्याच्या हाती यंत्र, त्याचीच आठवण टिकते, हा याचा अर्थ.

दुसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्यात छपाईच्या व्यवसायात होते. लोणावळ्याजवळच मळवली येथे असलेल्या रविवर्मा छापखान्यासाठी ते काम करीत. पुढे १९१२ मध्ये चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि पैसेवाल्यांचा या नव्या कलेवर विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत मटार पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून दररोज एकेक चित्र घेतले. असे महिनाभराहून अधिक काळ चालले. ती चित्रे सलग फिरवून दाखवली, तेव्हा बीज फुटून रोप वर येताना पाहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. भांडवल उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला.

या प्रयोगातील एकेक चित्र सुटे पाहिले, तर त्यात काय होते? एक कुंडी, थोडी माती आणि कालच्याहून किंचित उंच झालेले रोप. त्यांपैकी कोणतेही चित्र भिंतीवर लावण्याजोगे नव्हते. त्यांना अर्थ आला तो क्रमामुळे, नियमामुळे आणि एकही दिवस न चुकवण्याच्या चिकाटीमुळे. घरातले मूल असेच वाढते आणि घरातले वृद्ध माणूस असेच थकत जाते. तो बदल रोज शेजारी बसणाऱ्यास जाणवत नाही. फाळक्यांच्या त्या कुंडीने जे रोपाविषयी दाखवले, ते संसाराविषयीही तितकेच खरे आहे.

अमेरिकेतील जेमी लिव्हिंग्स्टन या तरुणाने ३१ मार्च १९७९ पासून दररोज एक झटपट छायाचित्र काढण्याचा नेम धरला आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी मृत्यू येईपर्यंत तो सुमारे साडेअठरा वर्षे चालवला. मित्र, जेवणाची टेबले, रस्ते, प्रवास आणि अखेरीस स्वतःचा आजार, सारे त्यात आले. सहा हजारांवर भरलेला हा संग्रह मित्रांनी पुढे लोकांसमोर मांडला, तेव्हा एका अप्रसिद्ध माणसाचे आयुष्य अनोळखी लोकांनाही आपलेसे वाटले.

नोंदीची ही वृत्ती महाराष्ट्राला परकी आहे असे नाही. जेधे शकावलीसारख्या टिपणांत तिथीवार नोंदी कोरड्या भाषेत केलेल्या आहेत आणि इतिहासकारांना त्यांचाच मोठा आधार वाटतो. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ मध्ये उत्तरेकडे केलेला प्रवास १८८३ च्या सुमारास लिहून काढला. १९०७ मध्ये तो ‘माझा प्रवास’ म्हणून छापला गेला. दक्षिणा मिळवण्यासाठी निघालेल्या एका भिक्षुकाने पाहिलेले लिहिले, म्हणून त्या धामधुमीतील साधी माणसे आज दिसतात. याउलट असंख्य घराण्यांची दप्तरे माळ्यावर वाळवीने खाल्ली किंवा रद्दीत गेली. राजवाडे गावोगाव हिंडले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, म्हणून काही वाचली. आजच्या चित्रांचा माळा म्हणजे खिशातला फोन. तो पाण्यात पडला, हरवला किंवा बदलला, की पाच वर्षांचा संसार एका क्षणात नाहीसा होतो. त्याला वाळवी लागण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, की फोनमध्ये हजारो चित्रे असताना आणखी एका चित्राचा आग्रह कशासाठी? आक्षेप रास्त आहे. परंतु हजारो चित्रे असणे आणि नोंद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बारा चित्रांचा रोल कॅमेऱ्यात भरला जाई, तेव्हा प्रत्येक चित्रापूर्वी माणूस विचार करी आणि धुऊन आलेल्या प्रतीच्या पाठीवर तारीख लिही. आज विचारही गेला आणि पाठही गेली. दिवसाला एकच चित्र ठेवायचे ठरले, म्हणजे निवड करावी लागते, आणि निवड करताना आजच्या दिवसात जपण्यासारखे काय होते, हा प्रश्न स्वतःस विचारावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्र डोळ्यांच्या आड आले, की माणूस पाहणे विसरतो. शिवाय दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची सवय लागते. म्हणूनच या उपक्रमाला मर्यादा हवी. ज्याचे चित्र काढायचे, त्याची संमती घ्यावी. घरातले चित्र घरातच राहावे, ते चव्हाट्यावर मांडण्याची घाई नसावी. दुःखाच्या प्रसंगी यंत्र बाजूस ठेवण्याचा विवेक असावा. रोजनिशी ही प्रथम स्वतःसाठी असते.

घरोघरच्या संग्रहांत आणखी एक उणीव आढळते. सणासुदीच्या चित्रांत सारे असतात, फक्त आई नसते, कारण ती त्या वेळी स्वयंपाकघरात असते. मोरीवरची भांडी, गिरणीतून आणलेला डबा, पागोळ्यांखाली लावलेली बादली, पहाटेच्या लोकलसाठी निघालेले वडील, यांची चित्रे कोणी काढीत नाही, कारण ती उद्याही दिसणार आहेत अशी सर्वांची समजूत असते. आणि नेमक्या याच गोष्टी एके दिवशी नकळत नाहीशा होतात.

नोंद ठेवण्याची शिस्त शिक्षकांना हजेरीपटाने आणि कारकुनांना आवक-जावक वहीने शिकवली आहे. ती घरी वापरण्यास खर्च येत नाही. आठवड्यातून एक चित्र कागदावर छापून वहीत चिकटवले आणि खाली दोन ओळी लिहिल्या, तर वर्षाला ५२ पाने होतात. शाळांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या आळीची अशी वही करून घ्यावी. सार्वजनिक वाचनालयांनी, ज्यांची हरकत नसेल त्यांच्या वह्यांची एकेक प्रत जपून ठेवावी. तुंगार्लीचे जुने रहिवासी, धरणाच्या वाटेवर भुट्टे भाजणाऱ्या बाया, बंगल्यांची राखण करणारी कुटुंबे, यांना त्यांत स्वतःच्या नावानिशी जागा मिळावी.

बोरघाटातील मजुरांना ती संधी नव्हती. यंत्र त्यांच्या आवाक्यात नव्हते. आज ते भाजणारीच्या आणि राखणदाराच्याही हातात आहे. अशा वेळी पुढच्या पिढीने आमचे लोक कसे राहत होते असे विचारले आणि उत्तरादाखल केवळ धबधब्यांची चित्रे निघाली, तर तो दोष परिस्थितीवर ढकलता येणार नाही.